मधल्यांची शर्यत

एप्रिल उजाडला, जुन्या वर्षाचे हिशेब मिटले आणि पगारवाढीची पत्रं अजून यायची असली की ऑफिसात कुणाला तरी स्पर्धा सुचते. तसा मेल येतो. त्यात तीन उद्गारचिन्हं असतात, सोनेरी कपाचं चित्र असतं आणि खाली बक्षिसांची यादी असते. पहिलं बक्षीस महाबळेश्वरला दोन रात्री सहकुटुंब, दुसरं मिक्सर, तिसरं कॅसरोलचा सेट. वर्षभरात जो सगळ्यात जास्त धंदा आणेल, किंवा सगळ्यात जास्त तक्रारी निकालात काढील, किंवा सगळ्यात कमी चुका करील, त्याच्यासाठी हा थाट.

त्या दिवशी चारच्या चहाला ऑफिसचे आपोआप तीन गट पडतात. पहिल्या गटात दोघं-तिघं असतात. महाबळेश्वरला कुठल्या बाजूची खोली मागायची हे त्यांना पाठ असतं, कारण गेल्या वर्षीही तेच गेले होते. शेवटच्या गटातही दोघं-तिघंच असतात आणि त्यांनी तो मेल उघडलेलाच नसतो. मध्ये उरतो तो आमचा घोळका. आम्ही मेल वाचतो, नियमावली वाचतो, मनातल्या मनात हिशेब मांडतो आणि चहाचा शेवटचा घोट घेत म्हणतो, "बघू."

माझी अख्खी नोकरी या मधल्या घोळक्यात गेली. सातव्या-आठव्या नंबरचा माणूस मी. या जागेवरून एक गोष्ट स्वच्छ दिसते. पहिल्या नंबरवाला स्पर्धा नसती तरी पळालाच असता. तो लग्नाच्या पंगतीतही पहिला जेवून उठतो. शेवटच्याने केव्हाच हात टेकले आहेत, त्याला महाबळेश्वर काय आणि काश्मीर काय. हलण्यासारखी माणसं आहेत ती मध्ये. तेव्हा स्पर्धा काढायचीच असेल तर ती आम्हा मधल्यांकडे बघून काढावी, असं माझं म्हणणं आहे. यात माझा स्वार्थ आहे हे उघड आहे; पण कंपनीचाही आहे.

मधले किती असतात, हे अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्च साहेबांनी टक्केवारीतच सांगून टाकलं होतं. वरचे 20, मधले 70, खालचे 10. वरच्यांना बोनस, खालच्यांना नारळ आणि मधल्यांना वर चढायची आशा. कागदावर हे फारच नीटनेटकं दिसतं. पण दरवर्षी तळाच्या दहात कुणाला तरी ढकलायचंच, असं एकदा ठरलं की मधला माणूस वर बघायचं सोडून खाली बघू लागतो. आपल्याखाली पुरेशी माणसं शिल्लक आहेत ना, एवढंच तो मोजत राहतो. शेजारच्याला एक्सेलमध्ये काही अडलं तर "मलाही नाही हो जमत" म्हणतो. एकमेकांना मदत करणं म्हणजे आपल्या हाताने आपली पायरी खाली सरकवणं ठरतं. मायक्रोसॉफ्टने असली क्रमवारी 2013 साली बंद करून टाकली. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांत मात्र तोवर ती नुकतीच कुठे पोचून स्थिरावली होती.

स्पर्धेची बाजू घेणारे लोक चार्ल्स श्वाबचा किस्सा सांगतात. डेल कार्नेगीने तो पुस्तकात घातला आणि तेव्हापासून तो प्रत्येक ट्रेनिंगमध्ये, शक्यतो जेवणाच्या आधीच्या तासाला, ऐकावा लागतो. श्वाब म्हणजे अमेरिकेच्या पोलाद धंद्यातलं बडं प्रस्थ. त्यांच्या एका कारखान्यात काम रेंगाळत होतं. दिवसपाळी सुटायच्या वेळेला श्वाब तिथे गेले आणि आज किती हीट, म्हणजे भट्टीतून पोलादाचे किती घाणे, काढले, असं विचारलं. उत्तर आलं, सहा. त्यांनी खडू मागितला, जमिनीवर भला मोठा 6 काढला आणि एक शब्द न बोलता निघून गेले. रात्रपाळीने चौकशी केली, साहेब येऊन काय लिहून गेले ते कळलं. सकाळी तिथे 7 होता. मग दिवसपाळी इरेला पेटली आणि संध्याकाळी 10 लिहून घरी गेली. एकूण खर्च, एक खडू.

ट्रेनिंगमध्ये गोष्ट इथे संपते आणि सगळे जेवायला उठतात. मी मात्र रांगेत ताट धरून विचार करत राहतो, की महिन्याभराने त्या जमिनीवर काय लिहिलेलं असेल? पोलाद वितळायला लागतो तेवढा वेळ लागतोच. खडूला त्याची फिकीर नसते. तरीही त्या एका दिवसापुरती ती स्पर्धा फार शहाणी होती, हे कबूल करायला हवं. जमिनीवर कुणाचं नाव नव्हतं, नुसता आकडा होता. दोन्ही पाळ्यांना भट्टी तीच, माल तोच. आणि हरलेल्या पाळीला वर्षभर थांबावं लागत नव्हतं. काही तासांत तिची पाळी पुन्हा लागतच होती. आमच्या महाबळेश्वरच्या मेलमध्ये यातलं काहीच नसतं.

आकडा चढतच राहिला तर काय होतं, ते सोव्हिएत संघात दिसलं. 1935च्या ऑगस्टअखेर डोनबासच्या खाणीत अलेक्सेई स्ताखानोव्ह या कामगाराने एका पाळीत 102 टन कोळसा काढला. नेमून दिलेलं काम होतं 7 टनांचं. तो नुसता कोळसा फोडत होता आणि मागे लाकडाचे टेकू लावायला वेगळी माणसं दिली होती, हे कौतुकाच्या भरात मागे पडलं. त्याच्या नावाची चळवळ झाली. थेट अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. आणि 1936 साली उद्योगाउद्योगांतून नेमून दिलेल्या कामाची मापं वाढवण्यात आली, तीही सगळ्यांची. पराक्रम एकाचा, आणि भार सगळ्यांच्या डोक्यावर. त्याच्या शेजारी काम करणाऱ्या सातव्या-आठव्या नंबरच्या खाणकामगाराला त्या रात्री कसं वाटलं असेल, हे मला कुणी सांगायला नको.

मधला माणूस यावर आपला उपाय शोधतोच. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1931-32 साली 14 कामगारांना एका खोलीत बसवून अभ्यासकांनी महिनोन्‌महिने पाहिलं. टेलिफोन यंत्रणेच्या जोडण्या करायचं काम होतं. जास्त काम केलं तर जास्त पैसे मिळतील अशी व्यवस्था होती, म्हणजे स्पर्धेला अगदी मोकळं रान. त्या पठ्ठ्यांनी मात्र दिवसाचं काम किती करायचं ते आपापसात ठरवून टाकलं होतं. कुणी भराभर हात चालवू लागला की शेजारचा त्याच्या दंडावर एक सणसणीत ठोसा लगावायचा. त्यांचा हिशेब साधा होता. आज जास्त काढलं तर उद्या तेच नेहमीचं माप होईल आणि दर उतरेल. स्ताखानोव्ह तेव्हा अजून तीन-चार वर्षं लांब होता. त्यांना त्याची वाट बघायची गरज पडली नाही.

आमच्याकडे ठोसा नसतो. आमच्याकडे डिस्पॅचचे एखादे काका येतात, टेबलावर कोपर टेकतात आणि म्हणतात, "काय रे, एवढी घाई कसली? थोडं पुढच्या महिन्याला राहू दे की." नवीन पोराला त्याचा अर्थ पहिल्या वर्षी कळत नाही. तो शंभराचं टार्गेट असताना एकशे तीस करतो, सत्कार होतो, आणि एप्रिलच्या पत्रात त्याचं टार्गेट एकशे पन्नास होऊन येतं. दुसऱ्या वर्षी तो शहाणा होतो. 28 मार्चला आलेली ऑर्डर ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, "सर, बिल एक तारखेला टाकतो, चालेल ना?"

शिवाय माणसं जे मोजलं जातं तेवढंच वाढवतात. मध्यंतरी आरोग्यासाठी चालायची स्पर्धा निघाली होती. रोज दहा हजार पावलं. या दहा हजारांची ख्याती 1965 साली जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजायच्या एका यंत्रापासून पसरली; यंत्राचं नावच 'मानपो-केइ', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आमच्या ऑफिसात मोबाइल मोजत होते. पहिला आठवडा लोक खरोखर चालले. लिफ्ट रिकामी धावू लागली, दुपारी जेवणानंतर गेटपर्यंत दिंडी निघू लागली. दुसऱ्या आठवड्यात यादीच्या वरच्या टोकाला असे काही आकडे दिसू लागले की मधल्यांनी बूट काढून ठेवले. एकाचा मोबाइल नातवाच्या पाळण्याला बांधलेला होता. दुसऱ्याचा पावलं मोजणारा मनगटी पट्टा कुत्र्याच्या गळ्यात होता आणि कुत्रा तरुण होता. ज्याने शेवटी बक्षीस नेलं, त्याची सगळ्यात जास्त पावलं तो तापाने घरी झोपून होता त्या दिवशी पडली होती.

यावर हसता येतं, कारण पाळणा हलल्याने कुणाचं नुकसान होत नाही. सगळीकडे तसं नसतं. राष्ट्रीय सुरक्षा परिषद 4 मार्च 1966 रोजी स्थापन झाली, म्हणून दर 4 मार्चला कारखान्यांतून सुरक्षा दिन होतो. शपथ होते, घोषणांची स्पर्धा होते, त्यात यमकं जुळवण्याची धमाल असते. पण काही ठिकाणी गेटवर आणखी एक फलक असतो, अपघाताविना गेलेल्या दिवसांचा. चाकणकडच्या एका कारखान्यात शंभर दिवस पुरे झाले की सगळ्यांना स्टीलचा डबा मिळणार होता. फलक नव्वदच्या पुढे गेला होता. पत्रा कापताना एकाच्या बोटाला लागलं. त्याने मशिनपाशी पडलेलं कॉटन वेस्ट बोटाला गुंडाळलं, हात पँटच्या खिशात घातला आणि सुपरवायझर जवळून गेला तेव्हा डाव्या हाताने सलाम केला. चारशे माणसांच्या डब्याचं ओझं एका बोटावर होतं. फलक पुढे सरकला, डबे वाटले गेले. मोजायला हवी होती मशिनवरची जाळी नीट बसवली का, कुणी धोका दिसताच कळवला का, ही कामं. मोजला गेला तो नुसता गप्पपणा.

या सगळ्या भानगडी टाळायच्या म्हणून काही ऑफिसं शांततेचा मार्ग धरतात. भिंतीवर, वॉटर कूलरच्या वर, 'महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी' अशी चौकट लावतात. पहिले तीन महिने तिथे खरोखर सर्वोत्तम कर्मचारी असतात. चौथ्या महिन्यात एचआरच्या मॅडम विचारतात, "स्टोअर्समधून अजून कुणाचाच नंबर नाही ना लागला?" पाचव्यात अकाउंट्स, सहाव्यात रिसेप्शन. वर्षाअखेरीला ज्याचा फोटो लागतो, त्याला मित्र येऊन म्हणतात, "आलास का एकदाचा?" बक्षीस घरोघर फिरणाऱ्या हळदीकुंकवासारखं होऊन जातं. सगळ्यांना मिळतं, कुणाला वाईट वाटत नाही आणि त्यामुळे कुणी जास्तीचं कामही करत नाही.

बरं, बक्षिसाची सवय लागली की दुसरंच दुखणं सुरू होतं. लेपर, ग्रीन आणि निसबेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवाडीतल्या, स्केचपेनने चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या मुलांना त्यांनी निवडलं. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी चांदणी आणि लाल फीत असलेलं प्रमाणपत्र मिळेल. त्यांनी काढलं, त्यांना ते मिळालं. काही दिवसांनी ते स्केचपेन वर्गात नुसते ठेवून दिले, तेव्हा ही मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक, काही कबूल न करता मिळालं होतं, त्यांची आवड कमी झाली नव्हती. प्रमाणपत्राने काही बिघडलं नव्हतं, सौद्याने बिघडलं होतं. "तू हे कर, मग मी ते देईन" असं एकदा झालं की 'ते' थांबल्यावर 'हे'ही थांबतं. म्हणून वर्षानुवर्षं चालणारी बक्षीस योजना ही पगाराचाच एक भाग होऊन बसते आणि बंद केली तर युनियन निवेदन देते.

मग काय, स्पर्धाच नकोत? तसं कसं म्हणू? मी मधल्यांना जिवाच्या आकांताने धावताना पाहिलं आहे. तेही ऑफिसातच, दिवाळीच्या सजावटीच्या स्पर्धेत.

आठ दिवस आधी प्रत्येक विभागाला आपापली जागा सजवायला सांगतात. बक्षीस म्हणजे एक मिठाईचा बॉक्स, तोही विभागात वाटून खायचा. आमच्या सिस्टिम्सवाल्यांनी प्रिंटरच्या खोक्यांतून राजगड उभा केला. सुवेळा, संजीवनी, पद्मावती, तिन्ही माच्या जागच्या जागी, आणि बालेकिल्ला सर्व्हरच्या रिकाम्या पेटीवर. अकाउंट्सने श्रेडरमधून निघालेल्या कागदाच्या भुग्याचं चंद्रभागेचं वाळवंट केलं. त्यात कुठल्या वर्षाची व्हाउचरं गेली हे ऑडिटरने विचारलं नाही. एरवी साडेपाचला बॅग उचलणारे, शेजाऱ्याशी मेलवर बोलणारे एक गृहस्थ रात्री नऊ वाजता जमिनीवर मांडी घालून ब्लेडने पुठ्ठ्याचे मावळे कापत होते आणि भाल्याच्या लांबीवरून एका ट्रेनी मुलीशी हमरीतुमरीवर आले होते. "सर, एवढा लांब भाला घेऊन तो दरवाज्यातून जाईल कसा?" ती विचारत होती. गृहस्थांनी विचार केला आणि भाला छाटला. वर्षभरात त्यांनी ऐकून घेतलेली ती पहिली सूचना असावी.

तिथे मधले का धावले? कारण नंबर माणसाचा नव्हता, विभागाचा होता. आठ दिवसांत खेळ संपणार होता. हरल्याने कुणाच्या पगारवाढीला धक्का लागणार नव्हता. आणि ज्याला विक्री जमत नाही त्याला कात्री चालवता येत होती. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ कामगारांच्या नाट्यस्पर्धा भरवतं, त्यातही हेच होतं. दिवसभर लेथवर सहाव्या-सातव्या क्रमांकाचं काम करणारा माणूस रात्री नायक होतो आणि त्याचा मॅनेजर पाचव्या रांगेत बसून बघतो. मापपट्टी बदलली की मधला माणूस मधला राहत नाही.

ज्यांनी हे ओळखलं, त्यांच्या स्पर्धा टिकल्या. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीत रॉबर्ट ओवेनने प्रत्येक कामगाराजवळ चार बाजूंना चार रंग असलेला लाकडाचा छोटा ठोकळा टांगला होता. काळा म्हणजे वाईट काम, निळा बेताचं, पिवळा चांगलं, पांढरा उत्तम. कालच्या कामाचा जो रंग असेल ती बाजू पुढे. ओवेन गिरणीतून चालत जायचा, ठोकळ्याकडे बघायचा, माणसाकडे बघायचा आणि पुढे जायचा. आता कुणी आपल्या टेबलावर असा ठोकळा टांगला तर मी राजीनामा देईन, ते सोडा. पण त्यात एक मख्खी होती. पांढरा रंग एकालाच मिळणार असं कुठे लिहिलेलं नव्हतं. एकाचा पांढरा झाला म्हणून दुसऱ्याचा काळा होत नव्हता आणि आजचा काळा उद्या फिरवता येत होता.

एलआयसीच्या एजंटांच्या क्लबांचं गणित थोडंफार असंच आहे. ब्रँच मॅनेजर्स क्लबपासून चेअरमन्स क्लबपर्यंत पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीची अट आधीच ठरलेली. अमेरिकेत 1927 साली मेम्फिसला 32 जणांनी सुरू केलेलं 'मिलियन डॉलर राउंड टेबल' आज आपल्याकडच्या एजंटांच्या व्हिजिटिंग कार्डावर दिसतं, तेही अटीवरच मिळतं. अट पुरी केली की तुम्ही आत. शेजारचा एजंट किती पुढे आहे याच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही. तुमची पुढची पायरी तेवढी हाताला लागण्यासारखी हवी.

आणि हरणाऱ्याचं काय करायचं, याचं उत्तर ऑफिसाबाहेर, आपल्याच उन्हाळ्यात सापडलं. 2016 साली पाणी फाउंडेशनने वॉटर कप सुरू केला तेव्हा वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतली 116 गावं उतरली. आधी गावकऱ्यांना शिकवलं, मग ठराविक दिवस चर खणायचे, बांध घालायचे. कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं आणि 50 लाखांचं बक्षीस घेऊन गेलं. पण ज्या गावांना काही मिळालं नाही, त्यांनी खणलेले चर काही कुणी बुजवून नेले नाहीत. पाऊस पडला तेव्हा तो निकालपत्र बघून पडला नाही. 2019 पर्यंत तालुक्यांची संख्या 76 वर गेली. स्पर्धा हरूनही शिवारात पाणी थांबत असेल, तर पुढच्या वर्षी फावडं उचलायला कोण नाही म्हणेल? ऑफिसातल्या स्पर्धेत हरणाऱ्याच्या पदरात असं काय पडतं, हे मेल पाठवण्याआधी एकदा स्वतःला विचारायला हरकत नाही.

राहता राहिले पहिल्या नंबरवाले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांच्या जिवावर कंपनी चालते आणि माझा पगार होतो. त्यांना महाबळेश्वरला जरूर पाठवावं. फक्त दोनदा जिंकलेल्याला तिसऱ्या वर्षी परीक्षक करावं. त्याचा मान राहतो, यादीतली वरची जागा मोकळी होते, आणि सगळ्यांचे कागद समोर पसरल्यावर त्याला पहिल्यांदाच दिसतं, की पहिल्या आणि सातव्या नंबरमध्ये फरक असतो तो एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाचा, किंवा बऱ्या एरियाचा. इतकं करूनही एखादा विजेता अगदीच ऐकेना, तर त्याला सरळ स्पर्धा समितीचा अध्यक्ष करून टाकावं. समितीच्या मीटिंगांनी भल्याभल्यांचा वेग आमच्याइतका करून दाखवला आहे.